दुसरी घंटा

“गोदे, घंटा वाजवताना गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. घड्याळाकडं बघायचं.”

अप्पांनी हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्या संध्याकाळी पुन्हा सांगितलं तेव्हा एकेचाळीस. मधल्या पंधरा वर्षांत स्पर्धेच्या आदल्या दिवशी हे वाक्य एकदाही चुकलं नव्हतं. मी त्यांच्या खाटेशी बसून स्टॉपवॉचला चावी देत होते. अप्पांचं उजवं अंग दोन वर्षांपूर्वी गेलं होतं. पेटीवर कापड टाकलेलं होतं आणि त्या कापडावर औषधाच्या बाटल्या.

“माहीत आहे, अप्पा.”

“माहीत असून उपयोग नाही. तोंडाकडं बघितलंस की हात जड होतो. हात जड झाला की एकाला दहा मिनिटं आणि दुसऱ्याला सव्वादहा. पोरांना गाण्यात हरलेलं सोसतं गं. मोजण्यात हरलेलं सोसत नाही.”

तासगावात बालगोपाळांच्या शास्त्रीय गाण्याची स्पर्धा अप्पांनीच सुरू केली. मंडळ काढलं, सांगली-कोल्हापूरहून परीक्षक आणले, नियम स्वतःच्या हातानं लिहिले. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत असे. मला गाता येत नाही, पण अप्पांनी मला वेळेवर बसवलं. म्हणाले, तीन माळा रोज न चुकता ओढणाऱ्या बाईला मोजायला शिकवावं लागत नाही. नऊ मिनिटांना एक घंटा, दहा मिनिटांना दुसरी. दुसरीनंतर आलेल्या समेवर थांबायचं. पुढं गेला तो स्पर्धेतून बाद. मंडळाच्या टेबलावरची घंटा पहिल्याच वर्षी कुणीतरी उचलून नेली, तेव्हापासून माझ्या देवघरातली छोटी पितळी घंटाच चालायची. स्पर्धेच्या सकाळी पूजा झाली की मी ती देवापुढून उचलायची आणि म्हणायची, आजच्या दिवसापुरती देतोस ना रे?

अप्पांच्या पायथ्याशी त्यांची गाण्यातली शिष्या तुळसा बसली होती. पंधरा वर्षांची. तिची आई पारूबाई बेदाण्याच्या शेडवर माल निवडायला जायची. पोरगी आमच्याच शाळेत होती, नववीत तिनं शाळा सोडली. तुळसा अडखळत बोलायची. नुसतं अडखळणं नाही. शब्द घशाशी यायचा आणि दार लागल्यासारखा आतच राहायचा. मग मान ताणायची, डोळे मिटायचे, ओठ थरथरायचे. वर्गातल्या पोरी तिला ‘रेकॉर्ड’ म्हणायच्या. बाई प्रश्न विचारायच्या आणि तिनं तोंड उघडलं की “बस खाली, बस” म्हणायच्या. दयेनंच म्हणायच्या. मीही म्हटलेलं आहे.

गाताना मात्र काही नाही. गाताना दार उघडंच.

त्या संध्याकाळी ती गात नव्हती, बोलण्याचा रियाज करत होती.

“म्हण,” अप्पा म्हणाले.

“मी तु... तु... तुळसा म... मारुती माळी. मी रा... राग...” आणि थांबली. मान ताणली गेली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. माझ्या तोंडाशी ‘भीमपलास’ आलं होतं, पण अप्पांनी डावा हात वर करून मला गप्प केलं. ती म्हणेपर्यंत ते तिच्याकडं बघत राहिले, जसा एखादा माणूस एस. टी.ची वाट बघतो, येणारच म्हणून.

“...भीमपलास.”

“हां. आता ताल.”

हा नियमसुद्धा त्यांचाच. आपलं नाव, राग, ताल ज्यानं त्यानं स्वतः सांगायचं, आणि सांगायला तोंड उघडलं की घड्याळ चालू. एका वर्षी एक पोरगा चार मिनिटं आपल्या आजोबांच्या गुरुपरंपरेबद्दल बोलला होता, त्यानंतर हा नियम आला. तेव्हा तुळसा पाळण्यात असेल.

“अप्पा,” मी हळूच म्हटलं, “हिचं नाव दुसऱ्या कुणी सांगितलं तर?”

“नियम लिहिताना मी हिला ओळखत नव्हतो. आता या खाटेवरनं खोडायला गेलो तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं शिष्येसाठी खोडलं. आणि खरंच असेल ते.”

त्या वर्षी पहिल्या नंबराला नुसतं पदक नव्हतं. सांगलीच्या एका संगीत विद्यालयानं जागा देऊ केली होती. वसतिगृहात राहणं, जेवण, गुरूंकडं रोज तालीम, आणि दहावीची अट नाही. पारूबाईनं तिला स्पर्धा झाली की शेडवर लावायचं ठरवलंच होतं. म्हणाली होती, “जागा मिळाली तर जा बया. न्हाई तर बेदाणं निवडायला बोलावं लागत न्हाई.”

मी उठले तेव्हा अप्पा तुळसाला म्हणाले, “उद्या काही होऊ दे. निकाल मला दुसऱ्या कुणी सांगायचा नाही. गोदानं नाही, तुझ्या आईनं नाही. तू यायचं आणि तुझ्या तोंडानं सांगायचं. किती का वेळ लागेना. मला कुठं जायचंय?”

तुळसानं मान हलवली.

“मान नको. तोंड.”

“हो... हो... होय.”

“वचन?”

“व... वचन.”

“आणि गोदे, उद्या संकष्टी तुझी. मधून पाणी पीत जा. गेल्या साली घेरी आली होती.”

माझे नेम अप्पांना पाठ होते. पहाटेच्या तीन माळा, तुळशीला दिवा, संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय अन्न नाही. आणि आमचे हे गेले त्या वर्षी गणपतीपुढं घेतलेला एक, जिभेचा. खोटं बोलायचं नाही. शाळेत या नेमाची थट्टाच व्हायची. नवी साडी नेसून आलेली कुणी विचारायला लागली की दुसऱ्या म्हणायच्या, “गोदाबाईंना विचारू नका गं, त्या खरं सांगतील.”

*

सकाळी सभागृहात सतरंज्या पडल्या होत्या. मंडळाचे चिटणीस कुंभोजकर मास्तर बिल्ले वाटत होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

“मास्तर, तुळसाचं नाव तुम्ही पुकारताच की. मग राग-ताल पण तुम्हीच सांगितलं तर?”

“बाई, नियम कुणाचा?”

“अप्पांचा.”

“मग मी कोण? आज तुळसाला सूट दिली तर उद्या एकजण म्हणेल माझ्या बाळ्याला सर्दी आहे, दुसरा म्हणेल बाळीचा दात पडलाय. अहो, मग स्पर्धा राहील का दवाखाना?” आणि मग आवाज खाली आणून, “मलाही वाईट वाटतं हो. पण छापील आहे.”

मी स्टेजच्या डाव्या अंगाला माझ्या टेबलाशी बसले. समोर स्टॉपवॉच, उजव्या हाताशी घंटा. घड्याळाची डोक्यावरची खुंटी दाबली की चालू, पुन्हा दाबली की थांबतं, आणखी दाबली की जिथं थांबलं तिथनंच पुढं. शून्यावर आणायची खुंटी वेगळी, बाजूला.

अकराच्या सुमाराला सांगलीची मैत्रेयी पोतनीस बसली. स्वतः तंबोरा घेऊन गाणारी. गळा तयार, बसणं देखणं. चौथ्या मिनिटाला तिच्या तंबोऱ्याची जोडाची एक तार उतरली. तिनं गाणं थांबवलं, खुंटी पिळली, तार पुन्हा उतरली, पुन्हा पिळली. बोटं घामानं घसरत होती. पुढच्या रांगेत तिचे वडील अर्धे उठून उभे राहिले आणि परत बसले. मी घड्याळाकडं बघत होते. मिनिटभर त्यात गेलं. द्रुतला तिनं हात घातला आणि नऊची घंटा झाली. ताना सुरू झाल्या आणि दहाची झाली. समेवर ती थांबली. मी मान वर केली नाही. तंबोरा खाली ठेवल्याचा आवाज तेवढा ऐकला.

जेवणाच्या सुट्टीत पोतनीस माझ्या टेबलाशी आले. सभ्य गृहस्थ. बँकेत असावेत.

“ताई, तार उतरली तर तेवढा वेळ धरत नाहीत का सोडून?”

“नाही हो. घड्याळ थांबवायचं नाही असं आहे.”

“सगळ्यांनाच?”

“सगळ्यांनाच.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. खरंच ठीक असल्यासारखे परत गेले.

*

तुळसाचा नंबर तीन वाजता आला. पारूबाई दाराशी उभी होती, आत यायला तयार नव्हती. हाताला बेदाण्याचा चिकटा होता, तो पदराला पुसत होती. तुळसा नवं परकर-पोलकं घालून आली, नमस्कार केला, बसली. तबलजींनी हातोडी ठेवली. परीक्षक निंबाळकरबाईंनी पेन उचललं.

तिनं तोंड उघडलं. मी खुंटी दाबली.

“मी तु... तु...”

काटा फिरायला लागला.

“तु... तु...”

मागच्या रांगेतून कुणी तरी खिदळलं. कुणी म्हणालं, “सुई अडकली गं.” त्यावर दोघी-तिघी हसल्या आणि त्यांना कुणी तरी दटावलं. दटावल्याचा आवाज हसण्यापेक्षा मोठा होता. घड्याळात वीस सेकंद झाले होते. वीस सेकंद म्हणजे काय, ते इथं बसल्याशिवाय कळत नाही. मी देवाचं नाव घ्यायला लागले. बोटांत माळ नव्हती तरी बोटं हलत होती.

“तु...”

आणि मी मान वर केली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

तिचे डोळे मिटलेले होते. मान ताणलेली, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या. तिच्या पलीकडं दाराशी पारूबाईचे ओठ हलत होते, लेकीचं नाव ती दुरून म्हणत होती, जणू तिथनं ढकललं तर इकडनं बाहेर पडेल. त्या पोरीला स्वतःचं नाव सांगायचं होतं, एवढंच.

केव्हा तरी ते आलं. मग राग आला. मग ताल. मग तिनं षड्ज लावला.

मी गाण्यातली नाही, पण पंधरा वर्षं शेकडो षड्ज ऐकलेत. तो लागला आणि हसणाऱ्या पोरींपैकी एकीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. आलाप सुरू झाला. निषादावरून ती वर जायची आणि मध्यमावर अशी टेकायची की सभागृहातले सगळे श्वास तिथं टेकायचे. तबलजी हसत होते. निंबाळकरबाईंचं पेन कागदावरून उठलं होतं. मी नऊची घंटा दिली. तिनं द्रुत धरली. दहाची दिली. तिनं तिहाई घेतली आणि समेवर आली, जिथं यायचं तिथं, केसभरही इकडंतिकडं नाही.

टाळ्या सुरू झाल्या. कुंभोजकर मास्तर बिल्ल्यांचा डबा काखेत धरून टाळ्या वाजवत होते. पारूबाई दारातच खाली बसली होती.

*

निकाल सहाला होता. पावणेसहाला पोतनीस परीक्षकांच्या खोलीत आले. मी तिथं वेळेचा तक्ता द्यायला गेले होते. मैत्रेयी त्यांच्या मागं, बाही ओढत.

“माफ करा,” ते म्हणाले. “भांडायला आलो नाही. मुलगी अप्रतिम गायली, मी स्वतः टाळ्या वाजवल्या. पण माझ्या घड्याळानं तिला अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाले. बोलायला लागल्यापासून.”

“अहो,” कुंभोजकर म्हणाले, “गोदाबाईंच्या घड्याळावर पंधरा वर्षांत कुणी बोट ठेवलेलं नाही. तुम्ही पहिलेच.”

“बोट ठेवत नाही. विचारतोय.”

निंबाळकरबाई माझ्याकडं वळल्या. मृदू बाई होत्या. “गोदाबाई, तुम्ही दुसरी घंटा दिलीत तेव्हा घड्याळात किती झाले होते?”

“दहा,” मी म्हटलं.

खरं होतं ते. काटा दहावर होता.

“झालं तर,” कुंभोजकर म्हणाले. “आणि ऐका पोतनीस, ही बाई खोटं बोलत नाही. नेम आहे तिचा. अख्ख्या तासगावाला विचारा.”

पोतनीसांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, हलवून बघितलं, कानाशी लावलं. ओशाळं हसले.

“मग माझंच पुढं पळत असेल. जुनं झालं. माफ करा हं ताई, उगीच संशय घेतला.” आणि लेकीला म्हणाले, “चल मैत्रा. उद्या टाकायला हवं दुरुस्तीला.”

ते दारापर्यंत गेले. मैत्रेयीच्या बोटाला तारेनं कापलं होतं, तिथं तिनं रुमाल गुंडाळला होता. तो मला तेव्हा दिसला.

“त्यांचं घड्याळ बरोबर आहे,” मी म्हटलं.

माझा आवाज मुळातच लहान. पण खोली लहान होती.

“काय म्हणालात?” निंबाळकरबाई.

“त्यांचं बरोबर आहे. तुळसाला नाव सांगता येईना तेव्हा मी खुंटी दाबली. तिचं सांगून झाल्यावर परत दाबली. मधला वेळ माझ्या घड्याळात नाही.”

कुंभोजकर खाली बसले आणि त्यांनी डोक्याला हात लावला. “बाई, बाई, बाई! अहो, विचारलं होतं का तुम्हाला कुणी?”

“सकाळी हिची तार उतरली तेव्हा थांबवलं नव्हतं,” मी म्हटलं.

निंबाळकरबाईंनी तक्ता पुढं ओढला. “माझ्या कागदावर ती पहिली होती,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांच्याच कागदावर असेल. पण आता हे कळल्यावर... मास्तर, काय म्हणतो नियम?”

“बाद,” कुंभोजकर म्हणाले.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “मी वेळेवर घंटा दिली असती तर ती वेळेवर थांबली असती. मला बाद करा.”

“तुम्ही कुठं गायलात बाई, तुम्हाला बाद करायला?” मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते चिडलेही होते.

मैत्रेयीचा पहिला नंबर लागला. निकाल वाचताना मास्तरांनी तुळसाचं नाव घेतलंच नाही, फक्त ‘एका स्पर्धकाचा वेळ जास्त झाल्यानं’ असं म्हणाले. सगळ्यांना कळलं. मैत्रेयीनं पदक घेतलं, पण मान वर केली नाही. आणि मग पोतनीस स्टेजवर जाऊन म्हणाले, आमचं घर सांगलीतच, मुलीला गुरू आहेत, वसतिगृहाची जागा आम्हाला नको. दुसऱ्या कुणा गरजू मुलीला द्या. चांगल्या मनानं म्हणाले.

मी मास्तरांकडं धावले. “मास्तर, जागा राहिली की. मग तुळसाला?”

“पहिल्या नंबराची जागा आहे ती. विद्यालयाचं तसं पत्र आहे.”

“पण पहिला नंबर घेत नाही म्हटल्यावर?”

“तर जागा रिकामी राहील बाई.” ते माझ्याकडं बघेनात. “आणि द्यायचीच झाली तर दुसऱ्याला देतील, तिसऱ्याला देतील. बाद झालेल्याला कशी देतील? मी पत्र लिहीन. लिहीन मी. पण आशा ठेवू नका.”

त्यांनी लिहिलं, मीही लिहिलं. ती जागा वर्षभर रिकामी राहिली.

*

सतरंज्या गुंडाळत होते तेव्हा पारूबाई माझ्या टेबलाशी आली. तुळसा तिच्या मागं होती. मला वाटलं बोल लावेल. ती हळूच बोलली.

“बाई, तुमी देवाचं माणूस. तुमच्या तोंडानं खोटं निघणार न्हाई, मला ठावं हाय. खोटं बोला असं म्हणत न्हाई मी. पर गप बसाय काय हुतं, बाई? त्यो माणूस गेला हुता की दारापतूर.”

तेहतीस वर्षं झाली, पारूबाई गेली, अप्पा गेले. तिचा प्रश्न अजून माझ्यापाशी आहे.

“मी तिला उगीच आशा दाखवली, पारूबाई,” एवढंच म्हटलं. “घड्याळ थांबवायचं नव्हतं. वेळेवर घंटा दिली असती तर...”

“तर तिला गाताच आलं नसतं तेवडं,” ती म्हणाली. “ते बी खरंच.” आणि चिकट हातानं तोंड पुसून घेतलं.

तुळसानं पुढं पाऊल टाकलं. तिला काही सांगायचं होतं. ओठ उघडले.

“बा... बा...”

“आगं असू दे,” पारूबाई म्हणाली. “बाईस्नी कळलंय सगळं. चल, अंधार पडाय लागला. शेडवाल्या मुकादमास्नी सांगाय पायजे, उद्यापासनं येती म्हणून.”

“बा... बाई, मी...”

“चल म्हणती की! तुजं अप्पास्नी बाई सांगत्याल जाऊन. जाल न्हवं, बाई? तुमच्या वाटंवरच हाय घर.”

जाणार होतेच. दर वर्षी स्पर्धा झाली की मी थेट अप्पांकडं जायची, कोण काय गायलं ते सांगायची. त्या दिवशी तिथं जाऊन काय सांगायचं आणि कोणत्या तोंडानं, याचाच विचार सहापासून चालला होता. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. “जाते,” असं म्हणायला मी तोंड उघडलं.

तुळसानं माझा हात धरला. जोरात धरला. तिनं डोळे मिटले, मान ताणली गेली. मास्तर दिवे मालवत होते, एक मालवला, दुसरा मालवला. तिसऱ्यापाशी येऊन थांबले. ते दार आतून उघडायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. मोजला नाही मी.

“अप्पांना मी... मी सां... सांगणार,” ती म्हणाली. “व... वचन हाय.”

पारूबाईनं लेकीच्या पोलक्याचा बंद नीट केला, जसा दुपारी स्टेजवर जाताना केला असेल. “जा,” म्हणाली. “पर जेवायला ये.”

स्टॉपवॉच मी मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी विचारलं, “पुढच्या सालापर्यंत तुमच्याकडंच असू दे की?” मी नको म्हणून मान हलवली. घंटा मात्र देवाची होती. ती पिशवीत टाकली.

तुळसा पायऱ्या उतरून रस्त्याला लागलीही होती. चंद्र उगवायला अजून दोन तास होते. गणपतीच्या गोपुरावर शेवटचा उजेड होता, तोही जात होता. ती भरभर चालत नव्हती. मधेच थांबायची, मान ताणायची, पुन्हा दोन पावलं टाकायची. जवळ गेल्यावर ऐकू आलं. ती वाक्य घोकत होती.

“अ... अप्पा, मी... मी बा...”

पुढचं अक्षर माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं. पिशवीतली घंटा प्रत्येक पावलाला किणकिणत होती, म्हणून आत हात घालून तिचा लोलक बोटांत घट्ट धरला आणि चार पावलं मागं राहून तिच्यामागून चालायला लागले.